दुपारचे दोन तास

आपल्या मंडळाला यंदा पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी प्रौढ वर्गाचा इतिहास मी लिहावा असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी आधी नकारच दिला. माझे शिक्षण सातवीपर्यंत. आमच्या गावची शाळा सातवीलाच संपत होती आणि पुढच्या शाळेच्या वाटेवर ओढा होता. पावसाळ्यात मुलीला पलीकडे कोण सोडणार आणि कोण आणणार, एवढ्या एका प्रश्नावर माझी पाटी-दप्तर माळ्यावर गेले. अशा बाईने इतिहास लिहावयाचा म्हणजे हसे व्हावयाचे, असे मला वाटले. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "इतिहास लढायांचाच असतो असं कुणी सांगितलं? कोण कुणाला शिकवीत होतं, कोणत्या वेळी, आणि तेवढ्या वेळात चुलीशी कोण होतं, ते लिहा." त्यांचे हे बोलणे मनात राहिले. त्याच सुताने जेवढे आठवले, ऐकले आणि वाचले, तेवढे मांडीत आहे.

आपण साताऱ्याकडच्या बायका याबाबतीत भाग्यवान आहोत. आपल्या मुलखातच या कामाच्या थोर बायका होऊन गेल्या. सावित्रीबाई फुले यांचा जन्म १८३१ साली खंडाळा तालुक्यातील नायगावचा. लग्नाआधी त्यांना अक्षर ठाऊक नव्हते. जोतीरावांनी त्यांना शिकविले आणि १८४८ साली पुण्यात भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. हे आपण दर ३ जानेवारीला भाषणांत ऐकतो. पण पुढची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. १८५५ साली या पतिपत्नींनी दिवसभर कामाला जाणाऱ्या शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसा ज्याला सवड नाही त्याला रात्री शिकवावे, हा विचार तेव्हाचा आहे. शिकणाऱ्याने शाळेच्या वेळेला यावे असे न म्हणता शाळेने शिकणाऱ्याच्या वेळेला जावे, हे त्यांनी ओळखले. प्रौढांच्या शिक्षणाचे निम्मे मर्म मला यातच दिसते.

दुसऱ्या रमाबाई रानडे. देवराष्ट्रे हे त्यांचे जन्मगाव. पूर्वी ते सातारा जिल्ह्यात होते, आता सांगली जिल्ह्यात मोडते. श्रावणात सागरेश्वराला जाणाऱ्या भगिनींना ते गाव माहीत आहे. १८७३ साली अकराव्या वर्षी त्यांचे लग्न माधवराव रानड्यांशी झाले. सासरी आल्या तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. नवऱ्याने शिकवावयास आरंभ केला. पण घरात वडीलधाऱ्या बायका होत्या. सुनेने पुस्तक हातात धरणे त्यांना सोसत नव्हते. शिकण्याची आज्ञा नवऱ्याची आणि दिवसभर राहावयाचे सासरच्या बायकांत, अशा कात्रीत त्या मुलीने किती दिवस काढले, हे तिने स्वतःच पुढे आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहून ठेवले आहे. १८८४ साली मुलींच्या हायस्कुलाच्या मागणीसाठी गव्हर्नरांपुढे त्यांनी इंग्रजीतून लेख वाचून दाखविला. सभेत कौतुक झाले, आणि घरी आल्यावर टोमणे ऐकावे लागले.

हे वाचले तेव्हा मला त्या घरातल्या म्हाताऱ्या बायकांचा राग आला होता. पुढे वर्ग चालवू लागल्यावर तो राग थोडा निवळला. एक बाई पुस्तक घेऊन बसली की तिच्या वाटणीचे दळण, निवडणे, पाणी दुसऱ्या बाईच्या अंगावर येते. त्या दुसऱ्या बाईला कोणी कधी पाटी दिलेली नसते. तिच्या रागात थोडी असूया असेल, पण थोडे खरे दुखणेही आहे.

१९०१ साली माधवराव वारले. रमाबाईंनी पुढे १९०९ साली पुण्यात रानड्यांच्या वाड्यातच सेवासदन सुरू केले. तेथे विधवा, टाकलेल्या आणि संसारी बायका शिकावयास येऊ लागल्या. लिहिणे-वाचणे, शिवण, आजाऱ्याची शुश्रूषा, प्रथमोपचार असे शिक्षण होते. कित्येकजणी पुढे शिक्षिका आणि परिचारिका झाल्या. ज्या बाईने स्वतःच्या घरात भीतभीत अक्षर गिरविले, तिने आपला वाडाच शिकणाऱ्या बायकांना मोकळा करून दिला. त्याच काळात तिकडे हिंगण्याला अण्णासाहेब कर्व्यांच्या आश्रमात पार्वतीबाई आठवले होत्या. त्या पंचविशी उलटल्यावर शिकल्या, आणि संस्थेसाठी वर्गणी जमवीत अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. तेव्हा "आता या वयात काय शिकायचं" असे म्हणणाऱ्या भगिनींनी पार्वतीबाईंचे नाव लक्षात ठेवावे.

तिसरे नाव तर आपल्या कराडच्या उंबऱ्यावरचे आहे. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी आपल्याच तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे साताऱ्यास वसतिगृह चालू झाले. त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहत आणि एकत्र जेवत. त्या मुलांना रांधून घालणाऱ्या लक्ष्मीबाई. मुलांच्या जेवणाची चणचण पडू लागली तसे त्यांनी अंगावरचे दागिने दिले, आणि शेवटी गळ्यातले मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या गेल्या. लक्ष्मीबाई वर्गात कधी शिकवावयास उभ्या राहिल्या नाहीत. पण त्यांची चूल विझली असती तर शाळाही विझली असती. शिक्षणाच्या इतिहासात चुलीला जागा द्यावयाची झाली तर ती लक्ष्मीबाईंपासून द्यावी लागेल.

आता जो भाग सांगणार आहे तो पुस्तकांतला नसून आमच्या घरातला आहे.

१९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६१ साली ती राज्यभर नेण्यात आली. त्या वेळचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण, आणि त्यांचेही जन्मगाव देवराष्ट्रेच! मोहिमेची रीत अशी होती. गावातील शिक्षक, शिकलेली माणसे आणि शाळेतील थोराड मुले यांनी विनामोबदला शिकवावयाचे. ग्रामदैवतापुढे गावाने शपथ घ्यावयाची. गावातील झाडून सारी प्रौढ माणसे लिहू-वाचू लागली की ग्रामगौरव समारंभ करावयाचा. सरकारी पगारी माणसांवर न विसंबता गावाच्या अब्रूवर हे काम सोपविलेले होते, म्हणून ते झपाट्याने पसरले.

माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही घरात आत्याबाई म्हणतो, त्या या मोहिमेच्या विद्यार्थिनी. लग्न होऊन सासरी आल्या त्याच साली गावात मोहीम आली. वय सोळा. पुरुषांचा वर्ग चावडीत, बायकांचा विठ्ठलाच्या देवळात कंदिलाच्या उजेडात. पण नव्या सुनेला रात्रीचे देवळात कोण पाठवणार? तेव्हा चौथीत असलेल्या धाकट्या दिराने घरातच वहिनीला शिकवावयाचे ठरले. दीर मोठा हिशेबी. एका अक्षराला एक शेंगदाण्याचा लाडू असा त्याने दर लावला होता. आत्याबाई सांगतात, "बाराखडी हुईस्तवर माझं शेंगदाणं संपलं, म्हनून जोडाक्षरं ऱ्हायली." समारंभाच्या दिवशी गाव झाडून काढले होते, दारोदार रांगोळ्या होत्या, पाहुणे आले होते. बायकांनी एकेक करून उठून फळ्यावर आपले नाव लिहिले. आत्याबाईंनीही लिहिले. पदर डोळ्यांपर्यंत होता, तरी अक्षर ओळीत आले, हे त्या आजही अभिमानाने सांगतात.

पण त्या दिवसानंतर त्यांच्या हाती छापलेला कागद आला तो वाण्याच्या पुडीचा. मोहिमेबरोबर पुस्तकांची एक पेटी गावात आली होती, ती चावडीत ठेवली गेली, आणि चावडीवर बायका जात नसत. पाच-सहा वर्षांत अक्षरे एकेक करून पुसली गेली. स्वतःचे नाव तेवढे काही वर्षे टिकले, मग तेही गेले. यात मोहिमेला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. चार महिन्यांत गावेच्या गावे शिकविणे ही लहान गोष्ट नव्हे. पण बी पेरले आणि पाणी कोणी द्यावयाचे ते ठरले नाही, अशी गत बऱ्याच ठिकाणी झाली.

त्याचे मोल काय पडले ते सांगते. आत्याबाईंचे वडील वारल्यावर सातबारावर वारस म्हणून भावांबरोबर त्यांचेही नाव लागले. १९५६ च्या कायद्याने मुलीचाही बापाच्या मिळकतीत वाटा असतो. मी लग्न होऊन या घरी आले त्याच साली, म्हणजे १९९८ साली, भाऊ त्यांना न्यावयास आले. "वारसाच्या कागदावर अंगठा पाहिजे," एवढेच म्हणाले. आत्याबाई नवे लुगडे नेसून गेल्या, साहेबापुढे अंगठा उमटवला, भावजयीच्या हातचे जेवल्या आणि संध्याकाळच्या एस.टी.ने परत आल्या. कागदाची एक नक्कल त्यांनी घडी घालून ट्रंकेत लग्नाच्या शालूखाली ठेवली. काय लिहिले आहे ते त्यांनी विचारले नाही, आणि मी नवी सून, मीही वाचून दाखवते असे म्हटले नाही. ती चूक माझी आहे, आणि या लेखात ती मी मुद्दाम लिहून ठेवते.

आता आपल्या मंडळाकडे येऊ. जुन्या सभासदांना आठवत असेल, आरंभीची वर्षे हळदीकुंकू, हादगा, नागपंचमीचे खेळ, सहली आणि भिशी यांतच गेली. त्यात काही कमी होते असे मी म्हणत नाही. त्या निमित्ताने ज्यांना उंबऱ्याबाहेर पडावयास कारण नव्हते त्या बाहेर पडल्या. मग बचतगट निघाले आणि बँकेत खाते उघडावयाची वेळ आली. फॉर्म भरून घेताना सही करणाऱ्या बायका पुढे बसल्या, आणि अंगठ्याच्या बायकांना शाईची पेटी येईपर्यंत मागे थांबविले. घरी येताना एकीने पदराने बोटाची शाई इतक्या जोरात पुसली की लुगड्याला डाग पडला. पुढच्याच बैठकीत प्रौढ वर्गाचा ठराव झाला. ते साल २००९.

वेळ ठरविण्यावरच दोन बैठका गेल्या. सकाळ डब्यांची, संध्याकाळ स्वयंपाकाची, रात्र नवऱ्याची आणि टी.व्ही.ची. राहिली दुपार, दोन ते चार. जेवणे आटोपलेली, मुले शाळेतून यावयाची, दळण गिरणीत टाकलेले. हे दोन तासच तेवढे बाईच्या मालकीचे निघाले. पहिल्या दिवशी अकराजणी आल्या आणि त्यांच्याबरोबर सात मुले. मुलांच्या रडण्यात अक्षर कसले ऐकू येणार? तेव्हा मला मुले सांभाळण्यास बसविले. खरे सांगावयाचे तर, सातवी शिकलेलीला याहून मोठे काम मिळेल अशी माझी अपेक्षाही नव्हती. ओसरीवर मुलांना खेळविताना आतले सारे कानावर येई. शिकवावयास येणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. दोन महिन्यांनी त्या मुलाकडे पुण्यास राहावयास गेल्या. वर्ग बंद पडणार असे दिसले तेव्हा बायकाच म्हणाल्या, "ह्यांनाच शिकवू दे की. मुलं आम्ही आळीपाळीनं सांभाळू." अशी मी शिक्षिका झाले. त्या रात्री मला झोप आली नाही.

पुस्तकाच्या पहिल्या पानापासून शिकवू गेले तर आठवड्यात निम्म्या बायका गळाल्या. मोठ्या माणसाला "कमळ बघ" म्हणून शिकविले की त्याला अपमान वाटतो. मग एकेक युक्ती सुचत गेली. प्रत्येकीने आधी नातवंडांची नावे लिहावयाची. मग रेशनकार्ड, विजेचे बिल, औषधाची बाटली, एस.टी.ची पाटी. सर्वांत उपयोगी पडला तो हरिपाठ. आपल्याकडे माळकरी घरे पुष्कळ. ज्या बाईला एक अक्षर येत नाही तिला सारा हरिपाठ तोंडपाठ असतो. मोठ्या टाइपातली पुस्तके आणून प्रत्येकीने म्हणत जावयाचे आणि शब्दांवर बोट ठेवीत जावयाचे. तोंडाला आधीच ठाऊक असलेला शब्द डोळ्याला ओळखू येऊ लागतो. एक दिवस एका आजींचे बोट मागे राहिले आणि तोंड पुढे गेले, तर त्या स्वतःच थांबल्या आणि म्हणाल्या, "थांबा, माझं चुकलं." चूक कळली म्हणजे वाचता येऊ लागले. त्या दिवशी मी सर्वांना चहा केला.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंडळाने वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे लुटण्याऐवजी वही आणि पेन्सिल लुटली, ती याच वर्गासाठी. काहींनी नाके मुरडली. पण त्या वह्यांत बायकांनी आपल्या जात्यावरच्या ओव्या, लोणच्याची प्रमाणे, उधारी-उसनवारी असे हाताला येईल ते लिहिले. हादग्याच्या सोळा दिवसांत रोज एक गाणे एकीने फळ्यावर लिहावयाचे आणि बाकीच्यांनी वाचून म्हणावयाचे, असाही नियम केला होता. घरच्या सणावारांत अक्षर शिरले की ते लवकर विसरत नाही, हा माझा अनुभव आहे.

आत्याबाई वर्गाला आल्या त्या सर्वांच्या नंतर. सुनेकडून शिकावयाचे, तेही चारचौघींत, हे त्यांना अवघड वाटे. पहिले काही दिवस त्या ओसरीवर मुलांना सांभाळण्याच्या निमित्ताने बसत आणि कान आत ठेवीत. एके दिवशी मी पाहिले तर जमिनीवर खडूने त्यांचे नाव लिहिलेले होते. अठ्ठेचाळीस वर्षांनी ते परत आले होते. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी त्या आत येऊन शेवटच्या रांगेत बसल्या. मी फळ्यापाशी उभी असले की मला "सूनबाई" न म्हणता "बाई" म्हणत, आणि घरी आल्यावर पुन्हा "सूनबाई, भाकरी टाक."

वर्षभरात त्या बऱ्यापैकी वाचू लागल्या. एका दुपारी मी घरी आले तर त्या ट्रंक उघडून बसल्या होत्या. मांडीवर तो १९९८ चा कागद. मी म्हटले, "आत्याबाई, द्या, मी वाचते." त्या म्हणाल्या, "नगं. मीच वाचती." सरकारी भाषा, लांबलचक वाक्ये, जोडाक्षरेच जोडाक्षरे. तीन दुपारी त्यांनी त्या कागदावर घालविल्या. अडले तिथे तेवढा शब्द मला विचारीत. तिसऱ्या दिवशी "हक्कसोड" या शब्दापाशी बोट थांबले. पुढे लिहिले होते की, मी राजीखुशीने, कोणताही मोबदला न घेता, माझा सर्व हिस्सा भावांना सोडून देत आहे, आणि हा मजकूर मला वाचून दाखविला आहे.

आत्याबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "जमीन मी दिलीच असती गं. भाऊच हायत. पन वाचून दाखवलं असं लिवलंय की हितं. त्ये खोटं हाय. वाचून तरी दाखवायचं हुतं."

त्यांनी कोर्टकचेरी केली नाही. भाऊबीजेला माहेरी जाणेही सोडले नाही. पण पुढच्याच साली विहिरीतल्या हिश्श्याचा एक कागद राहिला होता, तो घेऊन भाऊ आले आणि सवयीने शाईची पेटीही घेऊन आले. आत्याबाईंनी त्यांना पाटावर बसविले, चहा दिला, चष्मा लावला आणि कागद हातात घेऊन वाचावयास बसल्या. भाऊ दोन वेळा म्हणाले, "आक्का, गाडी जाईल." आत्याबाई म्हणाल्या, "दुसरी असंल." पुरा तास गेला. वाचून झाल्यावर त्यांनी सही केली. हिस्सा दिला तो दिलाच, पण या वेळी तो देणाऱ्याच्या हाताने दिला. भाऊ जाताना त्यांच्या पाया पडले. शाईची पेटी आमच्याकडेच विसरली. ती अजून आमच्या फळीवर आहे, नातवंडे तिच्यात बटणे ठेवतात.

आपल्या वर्गातून आजवर सुमारे साठजणी लिहू-वाचू लागल्या, असे हजेरीच्या वह्यांवरून दिसते. पण इतिहास लिहावयाचा तर पडझडही लिहिली पाहिजे. याहून थोड्या कमी बायका मधूनच गळाल्या. त्या का गळाल्या ते मी वह्यांत त्या-त्या वेळी टिपून ठेवले आहे. ऊसतोडीला गेली. सुनेचे बाळंतपण. नवरा म्हणाला पुरे झाले. सासू आजारी. दुपारचे काम धरले. "शिकण्याची इच्छा नाही" असे कारण सगळ्या वह्यांत मिळून दोनदाच आले आहे. बाकी सारी कारणे वेळेची आणि घराची. रमाबाईंच्या वेळेपासून ही गोष्ट फारशी बदललेली नाही.

आता जे मनात आहे ते स्पष्ट लिहिते. सध्या वर्गाला पाचच बायका येतात. त्यामुळे दुपारची खोली वर्गाकडून काढून शिवणाच्या ऑर्डरींसाठी द्यावी, असा विचार कार्यकारिणीपुढे आला आहे. शिवणाने चार पैसे मिळतात, वर्गाने मिळत नाहीत, हे खरे आहे. शिवाय "आता सगळ्या शिकलेल्याच आहेत" असेही म्हटले जाते. भगिनींनो, १९५१ च्या शिरगणतीत आपल्या देशात शंभर बायकांत नऊजणींनाच लिहिता-वाचता येत होते. २०११ साली महाराष्ट्रात हे प्रमाण शंभरात शहात्तर झाले. प्रगती थोर आहे. पण शंभरात चोवीस उरल्या, म्हणजे चौघींत जवळजवळ एक. ती चौथी बाई आपल्या हळदीकुंकवाला येत नाही म्हणून आपल्याला दिसत नाही. ती बांधकामावर विटा वाहते, आपल्याकडे भांडी घासते, ऊसतोडीच्या टोळीबरोबर येते. आज तिच्या हाती मोबाईल आहे, पण बँकेचा निरोप आला की तो वाचावयास ती दुसऱ्याच्या हाती देते. पूर्वी अंगठा दुसऱ्याच्या कागदावर उठत होता, आता गुप्त आकडाच दुसऱ्याला सांगितला जातो. फसवणुकीची रीत तेवढी बदलली.

ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे लहान गाव आहे. तेथे २०१६ साली ८ मार्चला साठीच्या पुढच्या बायकांसाठी आजीबाईंची शाळा निघाली. गुलाबी नऊवारी नेसून आणि दप्तर खांद्याला लावून आज्या दुपारच्या शाळेत येऊ लागल्या. तिची वेळ वाचून मला आनंद झाला, ती वेळही दोन ते चार! सरकारनेही २०२२ पासून उल्लास नावाचा साक्षरतेचा कार्यक्रम हाती घेतला. त्यात शिकविणारे स्वयंसेवकच असतात. म्हणजे आपण करतो ते काम जुनाट झालेले नाही.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, दुपारचे दोन तास आठवड्यातून तीन दिवस तरी वर्गासाठी राखावेत, उरलेले दिवस शिवणाला द्यावेत. दुसरी, ज्यांच्या घरी कामाला बाई येते त्या प्रत्येक सभासद भगिनीने तिला त्या तीन दिवशी दोनच्या आत मोकळे करावे आणि पगार कापू नये. तिसरी, वर्ग सुटल्यावर वाचावयास काहीतरी हवे. मोहिमेची पेटी चावडीत राहिली तशी आपली राहू नये. घरोघर फिरेल अशी एक पिशवी करावी, त्यात मोठ्या टाइपाची दहा-बारा पुस्तके ठेवावीत, आणि भिशी ज्या घरी असेल त्या घरी ती पिशवी जावी. खर्च फारसा नाही.

हा लेख चिटणीसबाईंकडे देण्यापूर्वी मी आत्याबाईंना दिला. घरातली गोष्ट चारचौघांत जाणार, तेव्हा त्यांची परवानगी हवी होती. "वाचून दाखवू का?" असे मी विचारले नाही. त्यांनी दोन दुपारी घेतल्या. आता त्या ऐंशीच्या घरात आहेत, चष्मा जाड झाला आहे. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "भावाच्या गावाचं नाव काड. बाकी हाय ते खरं हाय." मी ते नाव काढले. मग मी विचारले, "तुमची परवानगी आहे ना?" त्यांनी पेन मागून घेतले आणि शेवटच्या पानाच्या खाली आपली सही केली. जोडाक्षरासकट.

लेखात काही उणे-अधिक झाले असल्यास भगिनींनी सांभाळून घ्यावे, ही विनंती.

— प्रौढ वर्गाची एक सभासद